तांगाचे चार जुमा आणि माझा पासपोर्ट

कराडला परतल्यापासून शाळेतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे. "सर, ती जगातली सर्वांत उंच इमारत पाहिली का?" पाहिली. लांबून, चालत्या गाडीतून, धुरकट हवेत. त्या दिवसांत माझं लक्ष इमारतींवर नव्हतं. माझा पासपोर्ट शारजातल्या एका पोलिस ठाण्याच्या कपाटात होता, आणि ज्याच्यासाठी तो तिथे होता तो माणूस गाडीत माझ्या शेजारी बसून माझ्या बहिणीच्या हातच्या चकल्या खात होता.

मी भूगोल शिकवतो. टांझानिया म्हणजे घायपात आणि लवंगा, हे वाक्य मी इतक्या पिढ्यांना पाठ करायला लावलं आहे की माझेच जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की ते म्हणून दाखवतात. पण टांझानियाच्या माणसाशी बोलायची वेळ मात्र पन्नाशी उलटल्यावर आली, आणि तीही अरबांच्या देशात, हिंदीतून. तेव्हा हे प्रवासवर्णन स्थळांचं कमी आणि त्या एका माणसाचं जास्त आहे. थोडं माझंही आहे, आणि तो भाग फारसा अभिमानाचा नाही.

रोल्ला, पाडव्याची संध्याकाळ

माझी धाकटी बहीण वंदना शारजात रोल्ला भागात राहते. तिचे यजमान सुधीरराव दुबईत देराला एका व्यापारी कचेरीत मॅनेजर आहेत. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आफ्रिकेला पाठवायचं त्यांचं काम. मुलगी इरा तिथेच वाढली, तिथेच कॉलेजात जाते. या दिवाळीत बायको तिच्या माहेरी भावांना ओवाळायला गेली आणि मी वंदनाकडे ओवाळून घ्यायला निघालो. आयुष्यातला पहिला परदेशप्रवास.

रोल्लात उतरल्यावर परदेशात आल्यासारखं वाटेना. खाली सोन्याची दुकानं, मल्याळी खानावळी, भाजीवर पाणी शिंपडणारे बांगलादेशी, आणि "मामा, केअरफुल" म्हणत माझा दंड धरून रस्ता ओलांडणारी इरा. कोपऱ्यावरच्या टपरीवर तिने मला चहा पाजला. त्याला तिथे 'करक' म्हणतात, म्हणजे आपला कडकच. त्याबरोबर पराठ्यात चीज लावून वर बटाट्याचे वेफर्स चुरडून केलेली गुंडाळी. मी आधी नाक मुरडलं आणि मग दुसरी मागवली. सुधीरराव पैसे देताना मोठ्याने म्हणाले, "चहा दोन दिरहम, म्हणजे पन्नासच्या आत." इतकी वर्षं तिथे राहूनही त्यांचा हा हिशेब सुटलेला नाही. वंदना म्हणते, झोपेतही करतात.

गॅलरीत वंदनाने पणत्या लावल्या होत्या. खालून पठाण वॉचमन ओरडला, "बाजी, दिया गिरेगा तो मेरे सर पे गिरेगा!" वंदना वरून ओरडली, "खान भाई, ऊपर आओ, लाडू ले जाओ!" तो आला, लाडू घेऊन गेला, आणि पणत्या राहिल्या.

जेवताना सुधीररावांचं लक्ष पानात नव्हतं. फोन वाजला की उठत होते. शेवटी वंदनाच म्हणाली, "दादाला सांगा ना. घरचाच आहे."

मग त्यांनी सांगितलं. टांझानियाच्या तांगा शहरातला एक व्यापारी, जुमा हमीसी बकारी, वर्षानुवर्षं त्यांच्याकडून गाड्यांचे भाग नेतो. या खेपेला माल भरून झाला आणि घरी निघाला, तर विमानतळावर अडवला. त्याच्याच देशातल्या पोलिसांना त्या नावाचा एक फरार माणूस हवा होता. त्यांनी आंतरराष्ट्रीय पोलिस यंत्रणेला कळवलं, यंत्रणेने जगातल्या सगळ्या विमानतळांना कळवलं, आणि शारजाच्या पडद्यावर लाल रेघ उमटली.

"पण केलं काय त्या फरार माणसाने?"

"घायपात उत्पादकांच्या सहकारी संस्थेचे पैसे घेऊन पळाला."

सहकारी संस्था म्हटल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"आपला जुमा तो नव्हे," सुधीरराव म्हणाले. "त्याच्या बोटांचे ठसे इथून पाठवलेत. तिकडून 'हा तो नाही' असं उत्तर आलं की सुटला. पण उत्तर कधी येईल ते कोण सांगणार? आणि पुढच्या शनिवारी त्याच्या मुलीचं लग्न आहे. त्यांच्यात निकाहाला मुलीच्या बापाने बसायचं असतं. पत्रिका वाटून झाल्यात, बकरे बांधलेत, आणि बाप इथे कोठडीत."

"जामीन नाही?"

"आहे ना. इथे जामीन म्हणजे पासपोर्ट. दुसऱ्या कुणीतरी आपला पासपोर्ट ठाण्यात ठेवायचा. माणूस बाहेर येतो, रोज हजेरी लावतो. पळाला, तर पासपोर्टवाला अडकला. माझा ठेवला असता, पण आम्हा तिघांचे पासपोर्ट एकदमच नवीन करायला दिलेत. ऑफिसातले निम्मे लोक दिवाळीला इंडियाला गेले. उरलेले 'बघतो' म्हणतायत."

कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. कुणीही मला काही विचारलं नाही. तरीही मी चष्मा काढला, नव्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणालो, "मी दिला असता हो. पण आमची अनुदानित शाळा. परदेशी जायच्या परवानगीतच अट असते, पासपोर्ट हातावेगळा करायचा नाही."

अशी कुठलीही अट नसते. मुख्याध्यापकांनी परवानगी देताना फक्त "खजूर आणा" एवढंच म्हटलं होतं.

"हो, असेल," सुधीरराव म्हणाले. वंदनाने मला आणखी बासुंदी वाढली.

भाऊबीज

सकाळी वंदनाने पाटाभोवती रांगोळी काढली. औक्षण केलं. ताटात मी ओवाळणी घातली, तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, सुखाचा राहा." आदल्या रात्रीची बासुंदी अजून माझ्या घशात होती. ओवाळून घेणाऱ्या भावाकडून काय अपेक्षा असते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुधीरराव फोनवर कुणाला तरी जुमाच्या पासपोर्टाचा फोटो पाठवत होते. मी डोकावलो. गोल चेहरा, कानावर पांढरे केस. खाली जन्मतारीख, १ जुलै.

"त्या फरार माणसाची तारीख काय?"

"तीच. तेच तर दुखणं आहे, दादा. नाव तेच, बापाचं नाव तेच, आजोबांचं तेच, जन्मतारीख, वर्षसुद्धा तेच. मशीन तरी काय करणार?"

"सुधीरराव, ही शाळेत घातलेली तारीख आहे."

"म्हणजे?"

मी खोलीत जाऊन माझा पासपोर्ट आणला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. १ जून. आमच्या गावात गुरुजी शाळेत नाव घालताना सगळ्यांचा जन्म १ जूनला लावायचे. आई एवढंच सांगायची, हुरड्याच्या दिवसांत झालास. हुरडा आणि जून यांची गाठ कधी पडत नाही, हे भूगोलाच्या शिक्षकाला कळतं.

"व्हॉट!" इरा किंचाळली. "मामा, युअर बर्थडे इज फेक? मग आम्ही दर वर्षी तुला विश कशाला करतो?"

"माझ्या वर्गातले निम्मे १ जूनचे," मी म्हणालो. "त्यात माझ्या नावाचा, माझ्यासारख्याच बापाच्या नावाचा एखादा निघाला असता आणि पळाला असता, तर?"

बोलता बोलताच मला पुढचं वाक्य दिसलं आणि ते टाळायला जागा उरली नाही. "चला," मी म्हणालो. "ठाण्यात पाहुण्याचा पासपोर्ट चालतो का विचारू."

"पण शाळेची अट?" सुधीररावांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"शिथिल झाली," मी म्हणालो.

चालला. ठाण्यातले अधिकारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, पन्नाशीचे, उत्तम हिंदी बोलणारे. त्यांनी आधी खजूर पुढे केले, मग कॉफी, आणि मग विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं?" मी तारीख सांगितली आणि लगेच शाळेत शिकवायला हजर व्हायचंय हेही. "तब तक जवाब आ जाएगा, इन्शाल्ला." मी विचारलं, "और नहीं आया तो?" ते हसले. "तो शारजा में भी अच्छे स्कूल हैं, उस्ताद."

जुमा बाहेर आला तेव्हा त्याने आधी आकाशाकडे पाहिलं, मग सुधीररावांना मिठी मारली आणि मग माझ्याकडे वळला. उंच, वजनदार, चालताना थोडा डुलणारा. त्याची हिंदी देराच्या दुकानांत आणि तांगाच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर घडलेली होती. "तुम मेरे को जानता नहीं," तो म्हणाला. "फिर भी दिया?" मी गाडीचं दार उघडून धरलं. गाडीत वंदनाने दिलेला डबा उघडला आणि त्याने पहिली चकली तोंडात टाकली. "यह क्या है? इसमें काँटे हैं!" मग रोल्ला येईपर्यंत डबा त्याच्या मांडीवरून हलला नाही.

वंदनाने दारातच पाणी आणि तुकडा ओवाळून टाकला. मग पुन्हा पाट मांडला. जुमाला काय चाललंय कळेना. इराने समजावलं, "अंकल, सिस्टर्स डे. जस्ट सिट." तो मांडी घालून बसला, टिळा लावून घेतला आणि औक्षण होताना डोळे मिटून राहिला. नंतर म्हणाला, "मेरी भी बहन है. आज बहुत रोई होगी." वंदनाने त्याच्या हातात फोन दिला. पुढची पंधरा मिनिटं आमच्या दिवाणखान्यात स्वाहिली, हुंदके आणि हसू एकत्र ऐकू येत होतं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "पासपोर्ट नीट ठेवलाय ना? तुमचा काही भरवसा नाही."

"अगदी पोलिसांच्या ताब्यात असल्यासारखा आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

देरा

जुमा वंदनाकडेच उतरला. पुढचे दिवस सकाळी त्याची हजेरी आणि मग भटकंती. सुधीरराव कचेरीत गेले की मला देरा दाखवायची जबाबदारी जुमाची. खाडीच्या काठी लाकडी गलबतं एकाला एक लागून उभी असतात आणि धक्क्यावर फ्रिज, टायर, गाद्या, बिस्किटांचे खोके उघड्यावर पडलेले. कुणी चोरत नाही. मी विचारलं, "राखण कोण करतं?" जुमा म्हणाला, "सब करते हैं." आपल्याकडे मार्केट यार्डात असा गाद्यांचा ढीग ठेवून बघा.

तिथे एका बाकावर बसून आम्ही शब्दांची देवाणघेवाण केली. माझा प्रवासातला सर्वांत सुखाचा तास तो. त्यांच्याकडे दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', विम्याला 'बिमा', आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'कचुंबारी'. मी आफ्रिका इतकी वर्षं शिकवली आणि तिथे कचुंबर करतात हे मला ठाऊक नव्हतं! पाठ्यपुस्तकात फक्त घायपात होता.

तांगातला घोळ त्याने तिथेच सांगितला. त्यांच्याकडे आडनाव नसतं. आपलं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, संपलं. आणि नावंही फिरून फिरून तीच. तांगात आणि आसपास जुमा हमीसी बकारी चार. एक पळाला. उरलेले तिघे जिथे जातील तिथे, वय न पाहता नुसत्या नावावरून पकडले जातात.

"एक टॅक्सी चलाता है. उसको केनिया की सरहद पर रोका, तीन दिन. अब वह सवारी को बोलता है, सरहद तक ही छोड़ूँगा, आगे पैदल जाओ." जुमा हसला. "दूसरा बूढ़ा है. आँख का ऑपरेशन कराने तुम्हारे मुंबई गया था. वहाँ एअरपोर्ट पर पकड़ा."

"मुंबईत?" मला उगाचच मीच पकडल्यासारखं वाटलं. "मग ऑपरेशन?"

"हुआ, बाद में. वह कहता है, पुलिसवालों ने चाय अच्छी पिलाई, लेकिन शक्ल नहीं देख पाया, इसलिए शिकायत किसकी करूँ?"

हसता हसता तो थांबला. त्याचा भाऊ सलीम बसने दार-एस-सलामला जाऊन पोलिसांच्या मुख्य कचेरीत बसून होता. पळालेल्या जुमाला पूर्वी एकदा अटक झाली होती, म्हणजे त्याचे ठसे तिथे आहेत. कुणीतरी फक्त दोन कागद शेजारी ठेवून पाहायचे होते. पण साहेब दौऱ्यावर, मग साहेबांचा संगणक दुरुस्तीला. शिवाय शारजात त्या विभागाला शुक्रवारपासून सुटी, तिकडे शनिवारी आणि रविवारी. "पुलिस दोनों तरफ अच्छी है," जुमा म्हणाला. "सिर्फ एक साथ जागती नहीं."

"लग्न पुढे ढकललं तर?"

"लड़केवाले मान जाएँगे. मेरी बेटी नहीं मानेगी. ज़ैनब बोलती है, बाबा नहीं तो निकाह नहीं. और लोग बोल रहे हैं, बाप चोर है, इसलिए नहीं आया." हे बोलताना तो खाडीकडे पाहत होता.

त्याच दुपारी मला एक शोध लागला. जुमा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी जन्मला म्हणून जुमा, हे त्याची आई शपथेवर सांगते. मी फोनवर त्याच्या जन्मवर्षाची दिनदर्शिका काढली. त्या वर्षी १ जुलै गुरुवारी! म्हणजे तारीख खोटी असल्याचा ढळढळीत पुरावा. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी जुमाच्याही पुढे ठाण्यात शिरलो आणि अधिकाऱ्यांसमोर फोन धरून, वर्गात समजावतो तसं, सगळं समजावलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खजूर पुढे केले. मग म्हणाले, "उस्ताद, बहुत अच्छा. लेकिन वह दूसरा भी जुमा है ना? वह भी शुक्रवार को ही पैदा हुआ होगा?"

मी खजूर खाल्ला. मागे जुमा भिंतीला टेकून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. अधिकारीही हसू लागले. निघताना मात्र त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "आज मैं खुद उधर फिर याद दिलाता हूँ. इतनी मेहनत की है आपने."

खोर फक्कान

शुक्रवारी हजेरी नव्हती. लग्न दुसऱ्या दिवसावर नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारावर होतं, पण माझं तिकीट त्याआधीचं. त्या दिवशी घरात दोघंजण गप्प होते, जुमा आणि मी. वंदना म्हणाली, "तोंडं पाडून बसायचं असेल तर समुद्रावर बसा. यल्ला, निघा." तिने दहीभात, मेथीचे ठेपले आणि उरलेला चिवडा भरला. सुधीररावांनी गाडी काढली.

खोर फक्कानचा रस्ता म्हणजे माझ्यासारख्याला मेजवानी. गवताचं एक पातंही नसलेले, कोळशासारखे काळे-तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पोटातून एकामागून एक बोगदे. शेवटच्या बोगद्यातून बाहेर आलो आणि समोर निळा समुद्र. मी सह्याद्रीतला माणूस, हिरवळ नसलेला डोंगर मला आजारी वाटतो. पण इथे प्रत्येक थर उघडा होता, जणू कुणी माझ्यासाठी आकृती काढून ठेवली होती. मी सगळ्यांना घडीचे पर्वत समजावत होतो. इरा कानात गाण्यांचं यंत्र घालून मान हलवत होती.

किनारा अर्धचंद्राकृती, एका टोकाला बंदर. निळ्या राक्षसी क्रेन आणि खोक्यांनी भरलेली जहाजं. ठेपले खाऊन मी वाळूत आडवा झालो. डोळा लागला. जागा झालो तेव्हा जुमा नव्हता.

"कुठे गेला?"

"फिरायला गेला असेल," सुधीरराव म्हणाले.

मी बंदराकडे पाहिलं. एक जहाज नांगर उचलत होतं. डोंगरापलीकडे ओमानची सरहद्द, हे मला सांगायची गरज नव्हती. नकाशा मला पाठ होता, आणि त्या क्षणी तोच माझा शत्रू झाला. मला शारजाच्या शाळेत भूगोल शिकवणारा मी दिसलो. मी उठलो आणि बंदराच्या दिशेने निघालो. आधी चालत, मग खरोखर पळत. मागून इराची हाक आली, "मामा! मामा, रिलॅक्स!" एक चप्पल वाळूत राहिली ती आजतागायत तिथेच आहे.

किनाऱ्याच्या टोकाला कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या. तिथे सावलीत एक अगदी म्हातारा मनुष्य तारेचा पिंजरा विणत बसला होता, मासे धरायचा, डेऱ्यासारखा मोठा. त्याच्यासमोर जुमा. दोघं स्वाहिलीत बोलत होते. म्हाताऱ्याचा जन्म झांझिबारचा. लहानपणी इकडे आला होता, आणि त्याच्याशी ती भाषा बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्याने जुमाच्या डोक्यावर हात ठेवला होता, मुलीच्या लग्नासाठी आशीर्वाद म्हणून.

जुमाने मान वर केली. एका पायात चप्पल, धापा टाकणारा, घामाने निथळणारा मी. त्याला सगळं कळलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

मग तो म्हणाला, "पासपोर्ट भाई. मैं इधर हूँ."

मी तिथेच बसलो. म्हाताऱ्याने मला पाणी दिलं. मी जुमाला म्हणालो, "मला माफ कर. मला वाटलं तू गेलास. आणि दुसरंही एक आहे. पहिल्या रात्री मी नाही म्हटलं होतं. शाळेची अट म्हणून खोटं सांगितलं होतं."

"मालूम है," तो म्हणाला. "सुधीर भाई ने पहले दिन ही बताया."

"सुधीररावांना माहीत होतं?"

"सबको मालूम था. तुम्हारी बहन बोली, दादा झूठ बोलता है तो चश्मा साफ करता है. बचपन से."

म्हाताऱ्याला जुमाने हे सगळं स्वाहिलीत सांगितलं, बहुधा थोडं रंगवूनच. तो तोंडाचं बोळकं उघडून इतका हसला की पिंजरा त्याच्या मांडीवरून घरंगळला. मग जुमा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मैं तुम्हारी जगह होता तो एक रात नहीं, दस रात सोचता. फिर भी नहीं देता. अनजान आदमी के लिए कौन देता है?"

म्हाताऱ्याने नवरीसाठी धूप दिला, पानात गुंडाळून. परतताना जुमाने माझ्या पायातली उरलेली एकुलती चप्पल हातात धरली होती, निशाणासारखी.

त्या दिवसापासून त्याने मला छळायचं ठरवलं. घरात पाणी प्यायला उठला तरी दारातून गंभीर आवाजात घोषणा करायचा, "पासपोर्ट भाई, मैं पाँच मिनट जाता हूँ!" आणि आत गेला की सगळं घर माझ्याकडे बघायचं. वंदना म्हणायची, "दादा, घड्याळ लाव."

विमानतळ आणि अंगण

उत्तर मंगळवारी आलं. दार-एस-सलामला साहेबांचा संगणक दुरुस्त झाला, सलीमने तिथल्या एका शिपायाला आणि शिपायाने साहेबांना उठवलं, दोन कागद शेजारी ठेवले गेले. ठसे वेगळे. अधिकाऱ्यांनी मला माझा पासपोर्ट दोन्ही हातांनी दिला. "गिन लीजिए, पन्ने पूरे हैं." जुमाला मात्र त्यांनी खरं ते सांगितलं. इथली लाल रेघ पुसली, पण पळालेला माणूस सापडेपर्यंत दुसऱ्या एखाद्या विमानतळावर ती पुन्हा उमटू शकते. त्यांनी दिलेलं पत्र त्याने जवळ बाळगावं. जुमाने मान हलवली. हे त्याला नवीन नव्हतं.

त्याच संध्याकाळचं विमान मिळालं. विमानतळावर आम्ही चौघं काचेच्या अलीकडे उभे. पासपोर्ट तपासणीच्या रांगेकडे जाताना तो थांबला, वळला आणि भरलेल्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "पासपोर्ट भाई, मैं जाता हूँ!"

लोक वळून पाहू लागले. मी हात हलवला. मग तो दिसेनासा झाला आणि आम्ही फोनकडे पाहत उभे राहिलो. इरासुद्धा कानातलं यंत्र काढून उभी होती. मी चष्मा पुसला. वंदना म्हणाली, "आता काय खोटं बोलतोयस?" मी म्हणालो, "काही नाही गं." ते खोटं होतं. मी घाबरलो होतो, आणि या वेळी पासपोर्ट माझ्या खिशात होता.

फोन वाजला. "पार," एवढंच तो म्हणाला. सुधीररावांनी मला मिठी मारली, जी त्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नातही मारली नव्हती.

मी तिकीट पुढे ढकललं. शाळा दोन दिवस उशिरा गाठली म्हणून काही घायपात वाळून गेला नसता. शनिवारी दुपारी वंदनाने उरलासुरला फराळ मधे ठेवला, इराने फोन टीव्हीला जोडला, आणि तांगाचं अंगण आमच्या दिवाणखान्यात आलं. आंब्याचं झाड, रंगीत चटया, मोठमोठ्या पातेल्यांतून पिलाव, आणि पांढऱ्या टोपीत जुमा. निकाह झाला होता. ज़ैनबने मेंदीचा हात हलवला. तिच्या ओढणीला म्हणे अजून खोर फक्कानच्या धुपाचा वास होता.

जुमाची आई पुढे आली, इवलीशी, दात नसलेली. तिने काही विचारलं. जुमाने हिंदी केलं, "अम्मा पूछती है, डर नहीं लगा?"

"बहुत लगा," मी म्हणालो.

हे भाषांतर होताच अख्खं अंगण हसलं, आणि म्हातारीने टीव्हीतून मला दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला.

"अब देखो," जुमा म्हणाला आणि फोन झाडाखाली वळवला. चटईवर ओळीने दोन माणसं बसली होती. एक तरुण, किल्ल्या बोटात फिरवणारा. दुसरा म्हातारा, काळ्या चष्म्यातला. "यह टॅक्सीवाला जुमा हमीसी बकारी. यह मुंबईवाला जुमा हमीसी बकारी." म्हाताऱ्याने भलत्याच दिशेला सलाम केला. त्यांच्या शेजारी जुमाची रिकामी जागा, आणि तिच्याही पलीकडे, कुणी बसलेलं नसताना, पिलावाने भरलेली एक थाळी.

"ती कुणाची?" सुधीररावांनी विचारलं.

"चौथे की. उसको भी दावत भेजी है. आ गया तो पहले खिलाएँगे, फिर तीनों उसके ऊपर बैठेंगे."

तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने फोन आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवला आणि कॅमेऱ्यात वाकून, अगदी गंभीरपणे म्हणाला, "पासपोर्ट भाई, मैं पाँच मिनट जाता हूँ."

पाच मिनिटं झाली. मग पंधरा. ढोल वाजत होता, एक कोंबडी चटईवरून चालत गेली, टॅक्सीवाला जुमा चौथ्याच्या थाळीतला बटाटा हळूच उचलत होता. "हा गेला की काय?" वंदना मुद्दाम मोठ्याने म्हणाली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी डब्यातली शेवटची चकली घेतली आणि पाय पसरून बसलो. येईल सावकाश.